प्रभाकाकूंचा कोपरा

आमच्या शेजारच्या प्रभाकाकूंच्या घरी संध्याकाळी कुठली भाजी करायची हे पाय ठरवतात. फ्रिजजवळ उभं राहिलं की भेंडी, खिडकीपाशी उभं राहिलं की दुधी आणि वॉशिंग मशीनकडे गेलं की वांगं. हात वर करायचा नाही, तोंडानं बोलायचं नाही. उठायचं, चालत जायचं आणि आपापल्या भाजीच्या कोपऱ्यात उभं राहायचं. सिंगापूरच्या बुकित पंजांगमधल्या सरकारी एचडीबी फ्लॅटचं स्वयंपाकघर ते केवढंसं, त्यात घरातली चार माणसं अशी उभी राहिली की फ्रिजचं दार उघडत नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती त्यांनी पाठवलेल्या चिवड्याचा डबा परत द्यायला, तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. चौघं चार दिशांना तोंडं करून गप्प उभी. मला वाटलं, घरात कडाक्याचं भांडण झालंय आणि सगळ्यांनी अबोला धरलाय. मी डबा ओट्यावर ठेवून काढता पाय घेणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "दार लाव. दार लागल्यावर जो आत असतो त्याला मत असतं. कुठली भाजी आवडते तुला?"

मी दुधीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. त्या दिवशी दुधी जिंकला. काकूंचा मुलगा निखिल भेंडीवाला होता, तो पुढे आठवडाभर लिफ्टमध्ये माझ्याशी नीट बोलला नाही.

काकू अमेरिकन नागरिक आहेत. आयोवा राज्यातल्या एका लहानशा गावात त्यांचं आणि माधवकाकांचं सगळं आयुष्य गेलं. काका मातीचा अभ्यास करायचे आणि काकू कॉलेजात गणित शिकवायच्या. काका गेल्यावर निखिल त्यांना इथे सिंगापूरला घेऊन आला. येताना काकूंनी घर विकलं, गाडी विकली, बर्फ उपसायचं फावडं शेजाऱ्याला दिलं. बरोबर आणली ती फक्त कॉकस नावाची ही पद्धत.

ही पद्धत मला काकूंनी इतक्यांदा समजावली आहे की आता मी ती झोपेतही सांगेन. तिकडे पक्षाचा उमेदवार ठरवायचा असला की ऐन थंडीत गावातले लोक शाळेच्या व्यायामशाळेत जमतात. प्रत्येक उमेदवाराला एक कोपरा. ज्याला जो पसंत, त्यानं त्याच्या कोपऱ्यात सगळ्या गावादेखत जाऊन उभं राहायचं. मग मोजणी. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरासुद्धा नाहीत तो कोपरा बाद. तिथल्या लोकांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर इतरांची मनधरणी करून आपल्याकडे ओढायचं. याला काकू 'विलीन होणं' म्हणतात. पक्ष कुठला, हे मात्र त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. "ते महत्त्वाचं नाही, उभं राहणं महत्त्वाचं," एवढंच म्हणतात.

हात वर करण्यावर त्यांचा भारी राग. "हात खोटं बोलतात गं. शेजारच्याचा वर गेला की आपलाही जातो. पाय उचलायला मात्र कारण लागतं. पाय बोलू देत." हे 'पाय बोलू देत' त्या दिवसातून दहादा तरी म्हणत असतील.

घरात सुरुवातीला पंधरा टक्क्यांचाच नियम होता. पण चार माणसांत एकटा माणूसही पंचवीस टक्के होतो, त्यामुळे कुणीच बाद होईना आणि रोज चार भाज्या कराव्या लागायला लागल्या. सुनेनं हात टेकले. मग काकूंनी मर्यादा वाढवून तीस टक्के केली. आता चौघं चार कोपऱ्यांत गेली की चौघंही बाद, आणि कुणीच विलीन व्हायला तयार नसलं की सगळे खालच्या हॉकर सेंटरला जाऊन नूडल्स खातात. नात इरा तेरा वर्षांची आहे. ती एकदा म्हणाली, "आजी, just order lah. Why so troublesome?" काकूंनी तिला विचारलं, "ऑर्डर कुठून करायची?" आणि पुन्हा सगळ्यांना उभं केलं.

माझी त्यांच्याशी खरी गट्टी जमली ती त्यांच्या पक्षाच्या मतदानामुळे. परदेशात राहणाऱ्या सभासदांसाठी पक्ष वेगळी प्राथमिक फेरी घेतो. आता काकूंनी आपल्या राज्यात मत द्यायचं की परदेशातल्या फेरीत, आणि एकीकडे दिलं की दुसरीकडचं जातं का, यावर त्यांनी तीन आठवडे अमेरिकेत फोन केले. दर वेळी वेगळा माणूस वेगळं उत्तर द्यायचा. शेवटी ठरलं की इथेच द्यायचं. ई-मेलनं पाठवायची सोय होती, पण काकू म्हणाल्या, "ई-मेलला पाय असतात का? स्वाती, तू शनिवारी माझ्याबरोबर चल."

शहरातल्या एका कॅफेच्या माडीवर मतदान होतं. काकू इस्त्रीची साडी नेसून, पायात बूट घालून आल्या होत्या. टेबलामागच्या बाईंना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोपरे कुठे आहेत?" त्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की कोपरे नाहीत, कागदावर खूण करायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. काकूंनी तसं केलं. मग सरळ चालत कॅफेच्या एका कोपऱ्यात गेल्या आणि उभ्या राहिल्या. भिंतीला टेकून नाही, उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडून. वेटरनं हळूच येऊन सांगितलं की टॉयलेट दुसऱ्या बाजूला आहे. "मी मत देते आहे," काकू म्हणाल्या. कॉफी गार होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मी टेबलाशी बसून लोकांकडे बघून हसत राहिले, दुसरं करणार काय.

ती उजवीकडची जागा मी तेव्हा पहिल्यांदा टिपली. नंतर सारखीच दिसायला लागली. स्वयंपाकघरात, लिफ्टमध्ये, एलआरटीच्या फलाटावर, काकू उभ्या राहिल्या की उजवीकडे एका माणसाची जागा.

आता आमच्या मंडळाविषयी थोडं. इथल्या आमच्या मराठी मंडळात निवडणूक होत नाही. म्हणजे दर वर्षी असते, पण होत नाही. आधी चार जण कुणाच्या तरी घरी पोहे खाताना अध्यक्ष ठरवतात, सभेत एक जण नाव सुचवतो, त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या होतात आणि माणसं जेवायला वळतात. त्यामुळे काकूंसारख्यांचं तिथे काही चालत नाही. गेली तीन वर्षं त्या एकच गोष्ट मागत होत्या. बुधवारी दुपारी मंडळानं एखादी खोली घ्यावी आणि इथे मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना तिथे जमता यावं. चहा, गप्पा, पत्ते, बस.

"मॉलमध्ये बसता की तुम्ही सगळे," एक सेक्रेटरी त्यांना म्हणाले होते.

"बसतो. पण मॉलमध्ये बसलं की आपण कुणाची तरी वाट बघतोय असं दिसतं. आणि येणारं कुणी नसतं," काकू म्हणाल्या. पुढच्या वर्षी नक्की बघू, असं ठरलं. दर वर्षी हेच ठरत होतं.

या वर्षी मात्र आक्रित घडलं. अध्यक्षपदाला दोन जण तयार झाले. एक हौगांगला राहणारे अभ्यंकर. मूळचे पुण्याचे, मंडळाची घटना तोंडपाठ, सभा पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तर तशी नोंद करायला लावणारे. त्यांना नाट्यस्पर्धा हवी होती. दुसरे म्हात्रे. डोंबिवलीचे, आवाज मोठा, मन मोठं, कंडोतला फ्लॅटही मोठा. त्यांना ढोल-ताशा पथक हवं होतं. पोह्यांच्या दोन बैठका फुकट गेल्या. कुणीच मागे हटेना. मतदान घ्यायचं कसं, हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं, कारण ते कधी झालंच नव्हतं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, प्रभाकाकूंना यातलं कळतं, त्यांना विचारा.

काकूंनी व्हिडिओ कॉलवर नियम वाचून दाखवले. लोक कॅमेरे बंद करून मुलांना भरवत होते, कपडे वाळत घालत होते. प्रत्येक नियमानंतर "सर्वानुमते मंजूर" असा कुणाचा तरी आवाज यायचा. सहावा नियम होता, दार लागल्यावर सभागृहात जो असेल त्याला मत. मला एकदम दुधी आठवला. पण म्हात्रे "सूचक मी" म्हणून मोकळे झाले होते आणि पाठोपाठ अनुमोदनही आलं होतं. मी माइक बंदच ठेवला.

सभा कम्युनिटी क्लबच्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होती. एसी असा की दात वाजावेत. भिंतीला लागून खुर्च्यांची एक लांब रांग होती आणि तिथे सगळ्यांचे आई-वडील स्वेटर, शाली, कानटोप्या घालून ओळीनं बसले होते. सभा संपली की त्यांना घरी न्यायचं असतं, म्हणून ते येतात. बाकी त्यांचं सभेत काही काम नसतं. स्टेजजवळचा कोपरा अभ्यंकरांचा, ढोल ठेवले होते तो म्हात्र्यांचा. मधोमध बटाटेवड्यांचं टेबल. काकूंनी देवघरातली घंटा आणली होती. त्यांनी दार लावून घेतलं, घंटा वाजवली आणि म्हणाल्या, "पाय बोलू देत."

पाय बोलले, पण ते वड्यांकडे गेले. सगळे. कारण अभ्यंकरांच्या कोपऱ्यात जावं तर म्हात्र्यांच्या गाडीतून मुलं पोहायला जातात, आणि म्हात्र्यांच्या कोपऱ्यात जावं तर अभ्यंकरवहिनींकडे पुढच्या आठवड्यात हळदीकुंकू. असं सगळ्या गावादेखत कुणाच्या तरी बाजूला जाऊन उभं राहणं आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. खुद्द अभ्यंकरवहिनी चटणीच्या पातेल्याशी उभ्या होत्या. अभ्यंकरांनी लांबून खुणावलं तर म्हणाल्या, "अहो, मला वाढायचंय इथे."

काकूंनी शांतपणे मोजणी केली. "वड्यांच्या बाजूला सर्वांत जास्त माणसं आहेत," त्यांनी जाहीर केलं, "पण वडा उमेदवार नाही. विलीन व्हा."

मग मनधरणीची फेरी झाली. म्हात्रे लोकांच्या खांद्यावर हात टाकून हिंडले, अभ्यंकरांनी घटनेतली कलमं सांगितली. माणसं हातात बशा घेऊन, एकमेकांकडे बघत, चोरट्या पावलांनी निघाली. निम्मी इकडे, निम्मी तिकडे. निखिल अभ्यंकरांच्या कोपऱ्यात गेला आणि मोबाइल बघत उभा राहिला.

"आणखी कुणी उमेदवार?" काकूंनी विचारलं. माणसं वडे खात राहिली. तेव्हा त्या माझ्याकडे आल्या आणि घंटा माझ्या हातात दिली. "ही धर. घंटा ज्याच्या हातात त्यानं हलायचं नाही. तो नियम आहे."

आणि हॉलच्या तिसऱ्या कोपऱ्यात, जिथे जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, तिथे जाऊन त्या उभ्या राहिल्या. उजवीकडे एका माणसाची जागा सोडून.

"काकू, दमलात का? खुर्ची देऊ?" म्हात्र्यांनी विचारलं.

"दमले नाही. उमेदवार आहे," काकू म्हणाल्या. "मला नाटक नको, ढोल नको. बुधवारी दुपारी एक खोली हवी. तीन वर्षं हात वर करून मागितली. आज पायांनी मागते."

कुणी हललं नाही. निखिलनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बाजूला उभ्या असलेल्या इरानं मोठ्यानं विचारलं, "पप्पा, why आजी stand there alone one?" मी हातातली घंटा घट्ट धरून मधोमध उभी होते आणि मला जायचं होतं. खरं सांगते, त्या कोपऱ्यापर्यंत धावत जावं असं मला वाटत होतं आणि मला हलता येत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीजवळ खुर्ची करकरली. म्हात्र्यांचे वडील उठले. तीन महिन्यांपूर्वी डोंबिवलीहून आले होते आणि वॉकरशिवाय चालत नव्हते. त्यांनी वॉकर पुढे टाकला, एक पाऊल घेतलं, पुन्हा वॉकर टाकला. बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा ओलांडत, हॉलच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"बाबा, टॉयलेट त्या बाजूला आहे," म्हात्रे म्हणाले.

"माहीत आहे," बाबा म्हणाले आणि चालत राहिले.

मग कुणीतरी काठी उचलली. कुणीतरी शाल सावरली. दोन आज्या एकमेकींच्या दंडाला धरून उठल्या. एका आजोबांनी आधी कानटोपी काढून खिशात ठेवली आणि मग निघाले. स्वेटरांची ती अख्खी रांग हलली आणि गुडघे धरत, थांबत, एकमेकांना हात देत हॉल ओलांडू लागली. त्या सगळ्यांना तिथे पोचायला किती वेळ लागला कोण जाणे, पण तेवढ्या वेळात कुणी बशीतला वडा तोंडात घातला नाही.

"पण ते मेंबर नाहीत," म्हात्रे कसेबसे म्हणाले.

उत्तर अभ्यंकरांकडून आलं. नियम हा त्यांचा प्राण. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोनमध्ये पाहिलं आणि स्वतःचं नुकसान होतंय हे कळत असूनही स्वच्छ आवाजात वाचलं, "नियम सहा. दार लागल्यावर सभागृहात जो असेल त्याला मत. सर्वानुमते मंजूर. सूचक, म्हात्रे."

म्हात्र्यांनी वडिलांकडे पाहिलं. बाबा काकूंच्या डाव्या बाजूला पोचून वॉकरवर दोन्ही हात ठेवून उभे होते, धापा टाकत, पण मान ताठ. म्हात्रे मोठ्या आवाजाचा माणूस, पण तेव्हा अगदी हळू म्हणाले, "मी विलीन होतो." आणि वडिलांच्या मागे जाऊन उभे राहिले. पाठोपाठ निखिल गेला. मोबाइल खिशात टाकून, लहान मुलासारखा पळतच गेला आणि इराला हाताला धरून घेऊन गेला. मग धरणच फुटलं. ढोलवाले गेले, नाटकवाले गेले, अभ्यंकरवहिनी चटणीचा डाव हातात घेऊनच गेल्या. लोक आपापल्या आईवडिलांशेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या शाली नीट करत राहिले.

स्टेजजवळ अभ्यंकर एकटे उरले. पंधरा टक्क्यांच्या पुष्कळ खाली. त्यांनी घड्याळ पाहिलं, शर्ट नीट खोचला आणि शिस्तीत चालत येऊन तेही विलीन झाले. अशा रीतीनं आमच्या मंडळाची परंपरा अबाधित राहिली आणि अध्यक्षांची निवड याही वर्षी बिनविरोध झाली. मी घंटा इतकी बडवली की तिचा लोळा निखळून वड्याच्या टेबलाखाली गेला.

सगळ्यांनी काकूंना घेरलं. नमस्कार, फोटो, टाळ्या. म्हात्र्यांच्या बाबांनी फोटोसाठी उजवीकडे सरकायचा प्रयत्न केला, तर काकूंनी हसत हसत त्यांना पुन्हा डावीकडे घेतलं. त्या गर्दीतही ती जागा मोकळीच होती.

निखिल, सून आणि इरा पातेली घेऊन टॅक्सीनं पुढे गेले. काकू म्हणाल्या, आज मला गाडीनंच जायचंय. बुकित पंजांगच्या एलआरटीच्या फलाटावर आम्ही दोघी उभ्या होतो. आमची ती गाडी गोल फिरते. उलट्या बाजूनं बसलं तरी घर येतंच, जरा उशिरा येतं इतकंच. दिवे नुकतेच लागत होते.

"काकू, तो सहावा नियम तुम्ही मुद्दाम घातलात ना?"

"तो पहिल्यापासून तोच आहे. त्याच नियमानं तू दुधी जिंकवलास."

मग मी इतके दिवस मनात असलेलं विचारलं. "आणि उजवीकडे जागा का सोडता?"

काकू म्हणाल्या, "नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं पहिलं कॉकस. बाहेर बर्फ पडत होता. मला जो उमेदवार आवडला होता, त्याच्या कोपऱ्यात मी जाऊन उभी राहिले, तर तिथे दुसरं कुणीच नाही. सगळं गाव बघतंय. हे समोरच्या मोठ्या घोळक्यात होते, त्यांच्या लॅबमधल्या मित्रांबरोबर, हातात कॉफी. मला इतकी लाज वाटत होती. मी डोळ्यांनीच खुणावलं, तुम्ही येऊ नका. यांनी कॉफी खाली ठेवली आणि निघाले. बर्फातले बूट होते, अख्खा हॉल ओलांडेपर्यंत धाडधाड वाजत होते. आले आणि माझ्या उजवीकडे उभे राहिले."

"मग?"

"मग काय, दोघं मिळून पंधरा टक्के थोडेच होणार. मोजणी करणारे आम्हाला म्हणाले, विलीन व्हा. तर हे त्यांना म्हणाले, आम्ही आधीच झालो आहोत." काकू हसल्या. "घरी येऊन मला म्हणाले, तुझा उमेदवार अगदीच टाकाऊ आहे. दर वेळी असंच. मी कुठेही उभी राहिले तरी कुरकुरत यायचेच. अजून उभी राहिले की वाटतं, येतील. आज एवढे सगळे आले गं, स्वाती. आज यांनी बघायला हवं होतं."

फलाटावर आणखी कुणी नव्हतं. घंटा माझ्या पिशवीत होती, लोळ्यासकट, आणि सभा संपली होती. आता हलायला मला कुठलाच नियम आडवा येत नव्हता. मी दोन पावलं मागे गेले, काकूंच्या पाठीमागून वळसा घेतला आणि त्यांच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मलाही दंडाला धरून डावीकडे नेतील.

"विलीन झालीस?" त्यांनी विचारलं.

"झाले."

"बरं," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसून पदर खोचला. "बुधवारी दुपारी ऑफिसातून अर्धी सुट्टी घे मग. चहा कोण करणार?"